काखेत डोंगर, गावाला वळसा

मार्चचा दुसरा आठवडा होता. फरिदाबादच्या आमच्या सोसायटीत शेजारची पाचवीतली मुलगी पर्यावरणाच्या पेपरचा अभ्यास करत होती आणि मी तिचं पाठांतर घेत होते. प्रश्न होता: अरवली पर्वताविषयी थोडक्यात माहिती लिहा. तिनं डोळे मिटले आणि घडाघडा म्हणून दाखवलं. भारतातली सर्वांत जुनी पर्वतरांग, गुजरातपासून दिल्लीपर्यंत पसरलेली, सर्वोच्च शिखर गुरुशिखर, उंची १७२२ मीटर. एकही चूक नाही. मी सहज विचारलं, "तू पाहिलायस का गं अरवली?" ती म्हणाली, "नाही आंटी, आम्ही राजस्थानला अजून गेलोच नाही."

तिच्या बाल्कनीतून अरवली दिसते. धुळीच्या दिवसांत पुसट, पाऊस पडून गेला की स्वच्छ. शाळेची बस रोज तिच्या पायथ्यावरून जाते. मुलीला त्या उत्तराचे पूर्ण गुण मिळाले. माझा हा लेख त्या पूर्ण गुणांच्या विरोधात आहे.

मुलीचा यात काही दोष नाही. दिल्लीत डोंगर आहे हे दिल्लीलाच सांगावं लागतं. रायसीना ही टेकडी आहे आणि तिच्यावर राष्ट्रपती भवन उभं आहे. जामा मशीद भोजला पहाडीवर बांधलेली आहे. पहाडगंज, पहाडी धीरज, आनंद परबत ही वस्त्यांची नावंच ओरडून सांगतात की इथे खडक आहे, चढ आहे. उत्तरेला विद्यापीठापासून दक्षिणेला भट्टीपर्यंत तुटक तुटक जो रिज पसरला आहे, तो अरवलीचा शेपटाकडचा भाग. खाली उतरून हरियाणात गेलं की फरिदाबाद आणि गुरुग्राम यांच्यामध्ये तोच डोंगर पुन्हा पाठ वर काढतो. आम्ही डोंगराळ मुलखात राहतो. फक्त ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

आता दिल्लीच्या मुलाचं वर्ष मोजून बघा. एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत ऊन. पारा पंचेचाळिसाला टेकतो, लू वाहते, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. जुलै ते सप्टेंबर पाऊस, घामट उकाडा आणि डेंग्यूचे डास. दिवाळीच्या आसपास धूर उतरतो. २०२४च्या नोव्हेंबरात हवा इतकी बिघडली की शाळांचे वर्ग ऑनलाइन करावे लागले. मैदानावरचे खेळ बंद ठेवणं तर आता दर हिवाळ्याचंच झालं आहे. मग धुकं, कडाका, थंडीची सुट्टी. एवढं सगळं वजा केल्यावर हातात उरतात वसंत पंचमीपासून मार्चअखेरपर्यंतचे सहा-सात आठवडे. याच दिवसांत मूल दुपारीसुद्धा उघड्यावर चालू शकतं. याच दिवसांत काटेसावर पानं टाकून लाल होते, कचनार फुलतो, पळस पेटतो, पिलखणाला तांब्याच्या रंगाची पालवी फुटते, कडुनिंबाखाली पिवळ्या पानांचा सडा पडतो. मुंबई-पुण्याहून नव्यानं आलेल्या माणसाला दिल्लीची ही पानगळ चक्रावून टाकते. वसंत आणि शिशिर एकाच रस्त्यावर समोरासमोर भेटतात.

आणि नेमके हेच आठवडे आम्ही परीक्षेला दिले. इकडे वेळापत्रकाला 'डेट शीट' म्हणतात. ती फेब्रुवारीत लागते आणि घराघरांत पडदे ओढले जातात. दहावी-बारावीचं समजू शकते. बोर्डाची गाडी एकटी शाळा वळवू शकत नाही. पण तिसरीच्या मुलानं, पाचवीच्या मुलीनं मार्चमध्ये कोंडून घ्यावं असं कुठल्या बोर्डानं सांगितलं आहे? मोठ्यांच्या बोर्डाची सावली लहानांवर पडली आणि ती कुणी हटवली नाही, एवढंच. वर्षातला एकमेव ऋतू, ज्यात पर्यावरण डोळ्यांनी शिकता येतं, तो आम्ही पर्यावरणाचा पेपर लिहिण्यात घालवतो. या उलट्या कारभाराला मराठीत चांगली म्हण आहे: काखेत कळसा नि गावाला वळसा.

हे असं व्हावं अशी कुणाची इच्छा नव्हती, हेही नोंदवायला हवं. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करा. बारा वर्षं यंत्रणा ढिम्म राहिली. मेहता पुन्हा न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २००३ मध्ये एनसीईआरटीला नमुना अभ्यासक्रम बनवण्याचा आदेश झाला. याच मेहतांच्या दुसऱ्या एका प्रकरणात मे २००२ मध्ये न्यायालयानं दिल्लीच्या सीमेपासून पाच किलोमीटरच्या पट्ट्यात, हरियाणाच्या बाजूच्या अरवलीतलं खाणकाम थांबवलं. म्हणजे एकाच माणसानं, एकाच न्यायालयाच्या पायऱ्या चढून दोन गोष्टी मिळवल्या: एका आदेशानं पर्यावरण पुस्तकात आलं, दुसऱ्यानं डोंगर फुटायचा थांबला. या दोन आदेशांची गाठ घालून देणं हे शाळेचं काम होतं. मुलांना बसमध्ये बसवून वीस मिनिटांवरच्या बंद पडलेल्या खाणीपाशी नेणं आणि सांगणं की तुमच्या पुस्तकातला धडा आणि हा निळ्या पाण्यानं भरलेला खड्डा, दोन्ही एकाच लढ्यातून आले आहेत. ते झालं नाही. धडा वर्गात राहिला, खड्डा डोंगरात.

पुस्तकं वाईट होती असंही नाही. २००५च्या राष्ट्रीय आराखड्यानंतर आलेलं एनसीईआरटीचं 'आस-पास' हे खरंच चांगलं पुस्तक होतं. त्यात माहितीपेक्षा प्रश्न जास्त होते: आजीला विचारा, शेजाऱ्याकडून जाणून घ्या, बाहेर जाऊन बघा. महाराष्ट्रात तर या विषयाचं नावच किती नेमकं होतं: परिसर अभ्यास. परिसर म्हणजे जो आपल्याभोवती पसरलेला आहे तो. पण पुस्तकानं 'बाहेर जाऊन बघा' म्हटलं तरी दार शाळेनं उघडायचं असतं. ते बंदच राहिलं. मग 'बाहेर जाऊन बघा'चीही उत्तरं गाइडमध्ये छापून आली आणि मुलांनी ती पाठ केली. पळसाला पानं तीनच, आणि ती तीन पानंसुद्धा मुलं चित्रातच मोजतात.

यावर महागड्या शाळांनी एक तोड काढली आहे: डोंगर विकत घ्यायचा. दरवर्षी शाळेतून एक गुळगुळीत पत्रक येतं. ऋषिकेशच्या वर कुठेतरी किंवा हिमाचलात चार रात्री, पाच दिवस. तंबू, झिपलाइन, रॅपलिंग, शेकोटी, 'नेचर वॉक' आणि परतताना प्रमाणपत्र. एका पालकसभेत मी विचारलं होतं की आपल्याच डोंगरावर एक सकाळ का नेत नाही? उत्तर आलं, "मॅम, वहाँ है ही क्या? कीकर है." सभागृहात हशा पिकला. दुरून डोंगर साजरे, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. पण दुरूनच नव्हे तर तीनशे किलोमीटरवरूनच डोंगर साजरा मानणारी माणसं मला दिल्लीत भेटली.

हिमालयाविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. उलट मला वाटतं की दिल्लीच्या शाळांनी हिमालयाकडून जे घ्यायला हवं होतं तेच घेतलं नाही. त्यांनी झिपलाइन घेतली आणि फूलदेई सोडून दिली. चैत्र संक्रांतीला, म्हणजे मार्चच्या मध्यावर, गढवाल-कुमाऊंमधली मुलं टोपल्या घेऊन निघतात, फ्योंलीची पिवळी फुलं, बुरांसची लाल फुलं वेचतात आणि गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर वाहतात. घरची बाई तांदूळ, गूळ, चार पैसे हातावर ठेवते. याला कुणी अभ्यासक्रम म्हणत नाही. पण बघा त्यात काय काय आलं: कुठलं फूल कुठल्या उतारावर येतं हे माहीत असणं, यंदा ते लवकर आलं की उशिरा हे ध्यानात राहणं, गावातला एकही उंबरा न वगळणं. हजारो पहाडी कुटुंबं आज दिल्लीत राहतात, विनोद नगरमध्ये, बुराडीत, गाझियाबादच्या इंदिरापुरममध्ये. त्यांची मुलं आमच्याच शाळांत आहेत. फूलदेईच्या दिवशी ती गणिताचा पेपर देत असतात.

अलमोड्याच्या उत्तराखंड सेवा निधी पर्यावरण शिक्षण संस्थेनं याच्याही पुढचं काम केलं. त्यांनी पहाडातल्या सहावी ते आठवीच्या मुलांसाठी जो अभ्यासक्रम रचला, त्यात गाव हीच प्रयोगशाळा धरली. घरात रोज किती लाकूड जळतं, जनावरांना किती चारा लागतो, तो कुठून येतो, झऱ्याला पाणी किती, जंगल हे सगळं पुरवू शकतं का. मुलांनी हे मोजायचं आणि मांडायचं. शिकणं म्हणजे आपल्या गावाचा हिशेब करता येणं. डोंगरात राहणाऱ्या समाजाला पर्यावरणाचं शिक्षण कसं द्यायचं याचं उत्तर आपल्या देशात तयार होतं. दिल्लीपासून एका रात्रीच्या बसच्या अंतरावर.

आणि चिपको? तो तर आमच्या पुस्तकात आहेच, पाच गुणांचा प्रश्न म्हणून. २६ मार्च १९७४, रैणी गाव, गौरा देवी. त्या दिवशी गावातले पुरुष नुकसानभरपाईच्या कामासाठी बाहेर होते. झाडं तोडायला आलेली माणसं जंगलाकडे निघालेली एका लहान मुलीनं पाहिली आणि तिनं धावत जाऊन गौरा देवींना सांगितलं. प्रश्नपत्रिकेत या मुलीला जागा नसते. पण माझ्या मते सगळा धडा तिच्यात आहे. ती बाहेर होती म्हणून तिला दिसलं. तिला ती वाट ओळखीची होती, म्हणून त्या वाटेवरून नको ती माणसं चालली आहेत हे कळलं. आमच्या मुली २६ मार्चला कुठे असतात? निकालपत्रकाच्या रांगेत. उद्या त्यांच्या डोंगरावर यंत्रं चढली तर धावत जाऊन सांगायला त्यांना ती दिसणार आहेत का?

आता त्या डोंगरावर जाऊ, जिथे 'कीकरशिवाय काही नाही'. फरिदाबाद-गुरुग्राम रस्त्यावरून आत वळलं की मांगर गाव लागतं. गुर्जरांचं गाव. त्याच्या मागच्या दरीत मांगर बणी आहे. बणी म्हणजे आपल्याकडची देवराई. गुदडिया दास बाबांचं स्थान. इथली फांदी तोडणाऱ्याला बाबा सोडत नाहीत अशी आसपासच्या गावांची श्रद्धा. या एका श्रद्धेनं, दिल्लीच्या उंबरठ्यावर, शेकडो एकर मूळचं अरवलीचं रान टिकवलं आहे. झाडं बहुतेक धौची. धौ म्हणजे आपल्या धावड्याचा सख्खा भाऊ. ज्या धावड्याच्या डिंकाचे लाडू आपण बाळंतिणीला देतो, त्याच कुळातला. शिवाय सालई, कांडोळ, कळंब, पळस. महाराष्ट्राच्या कोरड्या डोंगरात वाढलेल्या माणसाला मांगरमध्ये पाऊल ठेवलं की परकं वाटत नाही.

या धौची एक गंमत आहे. बणीच्या बाहेर, जिथे शेळ्या चरतात, तिथे धौ खडकाला चिकटून सतरंजीसारखा पसरलेला असतो, जेमतेम गुडघ्याएवढा. बणीच्या आत तोच धौ डोक्यावर छप्पर धरून उभा असतो. माती तीच, पाऊस तोच, झाडही तेच. फरक फक्त एका नियमाचा. परिसंस्था, मानवी हस्तक्षेप, पारंपरिक संवर्धन असे जे जाडजूड शब्द आमची पाचवीतली मुलगी घोकत होती, ते सगळे इथे पन्नास पावलांत पायाखाली येतात. मुलाच्या हातात दोरी द्या, दोन्हीकडचं झाड मोजायला लावा. त्यानंतर शिक्षकानं गप्प बसलं तरी चालेल.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी सोसायटीतल्या सहा मुलांना घेऊन या भागात गेले होते. बणीत नाही, तिच्या अलीकडच्या उघड्या उतारावर. तिथे दहा-अकरा वर्षांची एक मुलगी शेळ्या राखत होती. आमच्या मुलांनी तिला घेरलं. तिनं करीरचं झुडूप दाखवलं, ज्याला आपण नेपती म्हणतो. एकही पान नाही आणि अंगभर विटकरी फुलं. म्हणाली, याला पुढे टींट लागतील, दादी त्यांचं लोणचं घालते, पण आधी बरेच दिवस ताकात ठेवावे लागतात नाहीतर कडू होतात. हिंगोटाच्या काट्यांपासून शेळ्यांचं तोंड कसं वाचतं, नीलगाय रात्री कुठून उतरते, बिबट्याचा माग कुठे पाहिला, सगळं सांगितलं. आमची मुलं वह्या काढून लिहून घेऊ लागली. ते बघून ती बावरली आणि मला हळूच विचारलं, "मैडम जी, ये पेपर में आएगा के?"

त्या प्रश्नावर मी अजून विचार करते आहे. तीसुद्धा सरकारी शाळेत पाचवीत होती. तिच्याही पुस्तकात अरवलीचा धडा होता, आणि तो आपल्याविषयी आहे हे तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. जे तिला येतं ते ज्ञान नाही आणि जे ज्ञान आहे ते तिला येत नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. शहरातल्या मुलीला डोंगर दिसत नाही आणि डोंगरातल्या मुलीला आपल्या डोंगराची किंमत दिसत नाही. एकाच शिक्षणानं दोघींना दोन बाजूंनी आंधळं केलं. शहरी मुलीचं नुकसान मोठं आहे, पण या मुलीचं त्याहून मोठं, कारण तिच्यापाशी होतं ते आम्ही तिच्याच डोळ्यांत हलकं केलं.

मराठी माणसाला या प्रश्नाचं उत्तर परकं असायचं कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुलं शाळेत येईनात, कारण त्यांना गुरं राखायची होती. मुलांना शाळेची गोडी नाही, पालक अडाणी आहेत, असे शेरे मारून त्यांना मोकळं होता आलं असतं. त्यांनी शाळाच कुरणावर नेली. गुरं चरताहेत आणि झाडाखाली मुलं शिकताहेत, ही कुरणशाळा. खडे, पानं, बिया हेच साहित्य. ऐंशी वर्षांपूर्वी डहाणूच्या डोंगरात ज्या काम सुरू करतात आणि शाळा मुलाच्या वाटेवर नेऊन ठेवतात, त्यांच्यापुढे राजधानीतल्या वातानुकूलित शाळा 'आमच्याकडे सोय नाही' असं सांगतात, तेव्हा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

आक्षेप मला ठाऊक आहेत. एकेक घेते.

पहिला सुरक्षिततेचा. डोंगरात साप आहेत, बिबट्या आहे, माकडं आहेत. आहेत. पण ज्या रस्त्यावरून शाळेची बस जाते तिथे डंपर आहेत, आणि त्या रस्त्यावरून मूल आपण रोज पाठवतो. दक्षिण दिल्लीत असोला भट्टी अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं शिक्षण केंद्र आहे. शाळकरी मुलं तिथे येतात, फुलपाखरं बघतात आणि धडधाकट घरी जातात. गुरुग्राममध्ये खाणींनी ओरबाडलेल्या डोंगरावर नागरिकांनी अरवली जैवविविधता उद्यान उभं केलं, तिथली झाडं लावायला शाळेची मुलंही होती. जिथे करायचं ठरलं तिथे ते झालं.

दुसरा आक्षेप जंगलाच्या बाजूनं येतो आणि तो जास्त वजनदार आहे. पन्नास मुलांची बस, वेफर्सची पाकिटं, ब्लूटूथचं गाणं. बणीत हे गेलं तर बणी संपेल. मान्य. म्हणून बणीत नेऊच नका. देवराई ही सहलीची जागा नाही, हाच तिथला पहिला धडा. शाळेपासून जवळात जवळ जो रिजचा तुकडा असेल तिथे न्या, पंधरा मुलांना, पुन्हा पुन्हा, त्याच जागी. तिथे फक्त विलायती कीकर असेल तर तोही चालेल. आपली वेडी बाभूळ. इंग्रजांनी रिज हिरवा करायला ती आणली आणि तिनं बाकीच्यांना जागा ठेवली नाही. तिच्या सावलीत दुसरं काय उगवतं आणि काय उगवत नाही हे महिनाभर बघणारं मूल वृक्षारोपणाच्या फोटोला पुन्हा फसणार नाही.

तिसरा आक्षेप माझा मलाच आहे. गावाला देव्हाऱ्यात बसवू नये. याच गावांची शामलात जमीन, म्हणजे सगळ्यांच्या मालकीची डोंगराची जमीन, वाटून खाजगी झाली आणि मोठा भाग बाहेरच्यांना विकला गेला. बाबांची भीती बणीपुरती; सातबाऱ्यासारख्या कागदावर तिचं काही चालत नाही. आज त्या गावातला तरुण गुरुग्रामच्या टॉवरवर सुरक्षारक्षक होतो आणि त्यात गैर काही नाही. पण म्हणूनच घाई आहे. टींट ताकात ठेवावे लागतात हे जाणणारी दादी अजून आहे. आणखी वीस वर्षांनी नसेल.

चौथा, शिक्षकांचा. आधीच निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत सगळी ओझी आमच्यावर, आता डोंगरही? त्यांचं खरं आहे. म्हणून माझं म्हणणं असं की डोंगर शिकवायला डोंगरातली माणसं बोलवा आणि त्यांना मानधन द्या. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. तिला जे येतं ते पेपरमध्ये आणलं तर महिन्याभरात त्याचंही गाइड निघेल. गुण देऊन त्या ज्ञानाला मान मिळणार नाही. पण तिची दादी शाळेच्या फाटकातून शिक्षक म्हणून आत आली, हजेरीपटावर तिनं अंगठा उठवला आणि महिनाअखेर पैसे घेतले, तर त्या मुलीला पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही.

हे सगळं छंद किंवा संस्कार म्हणून मांडत नाही. डोंगर खरोखर पणाला लागला आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या अहवालानुसार राजस्थानात पाहणी केलेल्या १२८ टेकड्यांपैकी ३१ नाहीशा झाल्या होत्या. टेकडी नाहीशी होते म्हणजे काय, हे पाठांतरातून कळत नाही. २० नोव्हेंबर २०२५ रोजी याच न्यायालयानं अरवलीची एक व्याख्या स्वीकारली: भोवतालच्या जमिनीपासून शंभर मीटर किंवा त्याहून उंच असेल ती अरवलीची टेकडी. डिसेंबरभर राजस्थान-हरियाणात लोक रस्त्यावर आले आणि २९ डिसेंबरला न्यायालयानं स्वतःच तो आदेश स्थगित केला. पण त्या पाच-सहा आठवड्यांत एक गोष्ट उघडी पडली. रायसीनाची टेकडी भोवतालपेक्षा वीस मीटरसुद्धा उंच नाही. राष्ट्रपती भवनच त्या व्याख्येत सपाटीवर आलं असतं. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर तेव्हा चर्चा झाली ती दोन दिवस, आणि एका सुशिक्षित गृहस्थांनी प्रामाणिकपणे विचारलं की अरवली तर राजस्थानात आहे ना? मला त्या पाचवीतल्या मुलीची आठवण झाली. ती मोठी होऊन अशीच होणार. पूर्ण गुण मिळवून.

ज्या माणसानं लहानपणी त्या उतारावर ढोपर फोडून घेतलं आहे, त्याला टेकडी म्हणजे काय हे मीटरमध्ये सांगता येत नाही. व्याख्येच्या बाजूनं किंवा विरोधात त्याचं मत काहीही होवो, आपल्या खिडकीतल्या डोंगराविषयी चाललं आहे एवढं तरी त्याला कळतं. लोकशाहीत एवढं कळणं फार मोठी गोष्ट आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. पहिली ते आठवीपर्यंतच्या वार्षिक परीक्षा जानेवारीअखेर संपवा. त्या नाहीतरी शाळेच्याच हातात आहेत. वसंत पंचमी ते होळी, आठवड्यातला एक दिवस डोंगरासाठी ठेवा. शहरी शाळा आणि डोंगरातली शाळा यांची जोडी लावा, म्हणजे मुलं एकमेकांना शिकवतील. वनखात्यानं फाटकं उघडावीत. गावातल्या जाणत्यांना मानधन द्यावं. आणि या दिवसाला गुण नसावेत, प्रकल्प नसावा, तक्ता नसावा, प्रमाणपत्र तर मुळीच नसावं.

त्या वर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी, निकाल लागल्यावर, मी शेजारच्या मुलीला घेऊन डोंगरावर गेले. उशीर झाला होता. ऊन चढलं होतं आणि पळस बराचसा झडून गेला होता. खाली वाळकी केशरी फुलं पडली होती. तिनं ओंजळभर उचलली, वर उघड्या फांद्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "हे सगळं झाडावर असताना आपण का नाही आलो?"

मी तिला खरं तेच सांगितलं. म्हटलं, तुझा पर्यावरणाचा पेपर होता.